कोरोनात आपली शाळा परत कधी भरली?

मंडळाच्या मागच्या बैठकीत सहज विषय निघाला : कोरोनात शाळा परत कधी भरली? एकानं सांगितलं, १ जानेवारी. दुसऱ्यानं फेब्रुवारी म्हटलं, तिसऱ्यानं ऑगस्ट. एक बाई म्हणाल्या, "छे हो, दिवाळीच्या तोंडावर की! माझ्या नातवाची पहिलीच शाळा ती." गंमत म्हणजे चौघांचंही बरोबर होतं. काकतीचा इतिहास म्हटला की आपण राणी चन्नम्मांपर्यंत, दोनशे वर्षं मागं जातो. आणि परवापरवाची ही गोष्ट मात्र निसटू लागली आहे. मी पेशानं इंजिनिअर. घोळ दिसला की आधी तारखा ओळीनं मांडायच्या, ही जुनी सवय.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्यासाठी राज्य सरकारनं जो कायदा हाताशी घेतला तो १८९७ चा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा साथरोग कायदा. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलो आणि कागलच्या अलीकडं एक शिक्षण खातं, पलीकडं दुसरं, असं झालं. कोरोनात हा फरक पोरांच्या दप्तरापर्यंत पोचला.

ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटकानं 'विद्यागम' योजना आणली. पोरं शाळेत नाहीत, तर गुरुजी-बाईंनीच गल्लीत जायचं; देवळाचा मंडप, झाडाखालचा पार, मिळेल तिथं लहान लहान गट करून शिकवायचं. माणसं खूश होती. पण मुलांना आणि शिक्षकांना लागण झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये ती थांबवली.

मग खरी सुरुवात. १ जानेवारी २०२१ ला दहावी आणि बारावीचे वर्ग भरले. सहावी ते नववीसाठी विद्यागम शाळेच्या आवारात आली. १ फेब्रुवारीला नववी आणि अकरावी, २२ फेब्रुवारीला सहावी ते आठवी. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. नंतर २३ ऑगस्टला नववीपासून वर, ६ सप्टेंबरला सहावी ते आठवी, आणि सगळ्यात शेवटी २५ ऑक्टोबर २०२१ ला पहिली ते पाचवी. पालकांचं संमतीपत्र घेऊन.

आता पलीकडं बघू. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाले, आणि पहिली ते चौथी १ डिसेंबरला. म्हणजे ऑक्टोबरचे तीन आठवडे तिकडच्या खेड्यातला पाचवीतला मुलगा शाळेत आणि काकतीतला घरात. पुढचे पाच आठवडे काकतीची पहिली शाळेत, तिकडची पहिली घरात. विषाणू एकच, पैपाहुणे दोन्हीकडचे. दहावीचंही तसंच. महाराष्ट्रानं २०२१ ची परीक्षा रद्द करून १६ जुलैला निकाल लावला. तीनच दिवसांनी, १९ आणि २२ जुलैला, आपली पोरं एसएसएलसीचे पेपर देत होती. त्याच वर्षी कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा दाखला दाखवल्याशिवाय इकडं यायला मिळत नव्हतं.

मराठी माध्यमाच्या पोरांची अडचण आणखी वेगळी. जुलै २०२० पासून चंदना वाहिनीवर आठवी ते दहावीचे 'संवेद' पाठ लागायचे, पण ते कन्नड आणि इंग्रजीतून. सह्याद्रीवर पहिली ते आठवीची 'टिलीमिली' मराठीत होती, पण ती बालभारतीच्या पुस्तकांवर. आपली मराठी पुस्तकं कर्नाटकाची, धडे निराळे. एका चॅनेलवर पुस्तक आपलं पण भाषा नाही. दुसऱ्यावर भाषा आपली पण पुस्तक नाही. अशा पोराला वर्गातल्या बाईंशिवाय दुसरा आधारच नव्हता.

या तारखा ओळीनं लावल्यावर एक गोष्ट ठळक दिसते : दोन्ही राज्यांनी शाळा वरून खाली उघडल्या. त्याला कारण होतं. मोठ्यांच्या बोर्डाच्या परीक्षा होत्या, आणि मास्क, अंतर हे त्यांना समजत होतं. पण २० जुलै २०२१ ला आयसीएमआरचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी उलट सुचवलं होतं : शिक्षकांचं लसीकरण करून आधी प्राथमिक शाळा उघडा, लहान मुलं विषाणूला मोठ्यांपेक्षा चांगलं तोंड देतात. त्याच वेळच्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरांना घरात बसूनही संसर्ग होऊन गेला होता.

जून २०२० ला पहिलीत नाव घातलेलं मूल घ्या. त्याची अख्खी पहिली वर्गाबाहेर गेली. २५ ऑक्टोबरला ते आलं ते थेट दुसरीत, आणि तीही निम्मी होत आलेली. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका सांगतात, "पोरं वही उलटी धरूलती हो. पेन्सिल कशी धरायची तिथनं सुरुवात." मोठी मुलं विसरलेलं परत आठवत होती; या पोरांकडं आठवायलाच काही नव्हतं. २०२२-२३ हे वर्ष सरकारनं 'कलिका चेतरिके', म्हणजे मागचं राहिलेलं भरून काढण्याचं वर्ष केलं आणि शाळा १६ मे ला, नेहमीपेक्षा लवकर उघडल्या. हे तोटा मान्य केल्यासारखंच होतं.

तेव्हा कुणी विचारलं, शाळा कधी सुरू झाली, तर आधी विचारा, "कितवीची?" आणि एक विनंती. घरात त्या काळातलं संमतीपत्र, विद्यागमचा फोटो, शाळेची नोटीस, पोराची वही असेल तर रद्दीत घालू नका. मंडळाकडं आणून द्या, प्रत काढून मूळ कागद परत देऊ. पहिलीची ती कोरी राहिलेली वहीसुद्धा आणा.