औषधाला दाद न देणारा क्षय आणि सहा महिन्यांचा उपचार

कुपवाडलगतच्या वानलेसवाडीला डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव आहे. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू करणाऱ्या या शल्यवैद्यांनी पुढे तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न व विश्रांती हाच उपचार. आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला नेमक्या याच तीन गोष्टी दुर्मिळ.

औषधे आल्यावर मद्रास येथे १९५६ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतील काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या घरीच तीच औषधे वर्षभर देण्यात आली. घरचे रुग्ण अपुऱ्या अन्नावर व दाटीवाटीत राहूनही जवळजवळ तितकेच बरे झाले. त्यांच्या कुटुंबीयांत रोग अधिक पसरलाही नाही.

तरीही उपचार लांबतो, तो का? अनेक जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयजंतूला सुमारे वीस तास लागतात. त्यांपैकी काही तर निद्रिस्तच राहतात, आणि वाढ रोखणारी औषधे निद्रिस्त जंतूंवर फारशी चालत नाहीत. उपचार मध्येच सुटला की उरलेल्यांतून औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन ही दोन्ही प्रमुख औषधे निष्प्रभ ठरलेल्या रुग्णांना पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार व महिनोन्‌महिने सुया घ्याव्या लागत. त्या सुयांनी अनेकांची श्रवणशक्ती गेली.

बेडाक्विलिन हे औषध जंतूची ऊर्जानिर्मितीच बंद पाडते. म्हणून ते निद्रिस्त जंतूंनाही गाठते. अमेरिकेत त्यास २०१२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने या औषधाच्या क्षाररूपावर आणखी एक पेटंट मागून मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबविण्याचा प्रयत्न केला. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले, दोघीही क्षयाच्या उपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या, यांनी त्यास हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. विज्ञानाच्या या इतिहासात प्रयोगशाळेइतकेच या निर्णयाचे मोल आहे, असे आम्हांस वाटते.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचारास मान्यता दिली. यात सुई नाही. मात्र लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येऊ शकतात, रक्त कमी होऊ शकते, दृष्टीही मंदावू शकते. असे झाल्यास गोळ्या परस्पर न थांबविता त्वरित डॉक्टरांना सांगावे; मात्रा कमी करून बहुधा मार्ग निघतो.