जुन्या पिकअपच्या दाराचें कुलूप

शेव्हरोले कंपनीनें १९६७ ते १९७२ या सालांसाठीं काढलेली सी-१० ही पिकअप, म्हणजे पुढें दोघातिघांच्या बसण्याची कोठडी व मागें मालाचा उघडा हौदा असलेली मोटार, आज अमेरिकेंत हौशी लोकांच्या घरीं मोठ्या ममतेनें सांभाळलेली आढळते. शेव्हरोले हें नांव मुंबईस परकें नाहीं. तिच्या जनक संस्थेचा, जनरल मोटर्सचा, मोटारी जोडण्याचा कारखाना शिवडीस १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला होता. अशा जुन्या गाडीचें इंजिन दुरुस्त होतें, रंगही नवा चढतो. आणि मग एके दिवशीं दाराच्या कुलपांत घातलेली किल्ली अर्धवट फिरून अडते, किंवा तिचा तुकडाच आंत राहतो. मालक चिडून नवें कुलूप मागवितो. तें घरच्या घरीं बसविणें फारसें अवघड नाहीं. पण कुलपाच्या पोटांत काय चालतें हें ठाऊक नसलें, तर साध्या कामाचा विचका होण्यास वेळ लागत नाहीं.

घराच्या दाराला लागणाऱ्या येल पद्धतीच्या कुलपांत बारीक खुंट्या असतात. धाकट्या लायनस येल यांनीं १८६१ व १८६५ सालीं त्याचीं पेटंटें घेतलीं. जनरल मोटर्सच्या गाड्यांना मात्र १९३५ पासून कित्येक दशकें निराळ्याच जातीचें कुलूप बसत असे. मिलवॉकी येथील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनी तें तयार करी. त्यांत खुंट्यांऐवजीं पितळेच्या सहा पातळ पत्र्या एकामागें एक उभ्या असतात. प्रत्येक पत्रीच्या मध्यें किल्लीसाठीं खिडकी, जोडीला एक इवलीशी स्प्रिंग, आणि एका कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खांच. किल्ली आंत शिरली कीं तिच्या चढउतारांप्रमाणें पत्र्या कमीअधिक सरकतात. किल्ली खरी असेल तर सहाही खांचा एका रांगेंत येतात, आणि बाजूला टपून बसलेली एक लांबट पट्टी त्या रांगेंत अलगद उतरते. तोंवर ही पट्टी भोंवतालच्या घरांत अडकून असते. ती आंत उतरली म्हणजेच मधला गाभा फिरतो. पत्रीचे पांच प्रकार धरले, तर सहा जागांसाठीं कागदावर १५,६२५ जुळण्या होतात. त्या सगळ्याच वापरण्याजोग्या नसतात, कारण लागोपाठच्या दोन कापांत फार मोठा फरक असला तर किल्लीच नीट सरकत नाहीं.

यावरून एक गोष्ट उघड होते. कुलूप अडलें म्हणजे तें मेलेंच असें नव्हे. पुष्कळदां दोष किल्लीचा असतो. पन्नास वर्षें वापरून तिचे कांठ झिजतात, आणि त्या झिजलेल्या किल्लीवरून नवी कापून घेतली तर झीजही हुबेहूब उतरते. जीर्ण पोथीची नक्कल करणाऱ्यानें अक्षरांबरोबर कसरीचीं भोंकेंही उतरवावींत, तसलाच हा प्रकार! मूळ किल्लीचा अंक सांपडल्यास, आणि तो कित्येकदां कुलपाच्या अंगावरच कोरलेला असतो, किल्लीवाल्याकडून त्या अंकाबरहुकूम ताजी किल्ली करून घ्यावी. एवढ्यानेंच अनेक कुलपें पुन्हां चालूं लागतात.

तेंही साधलें नाहीं तर दार उघडावयाचें. आरंभीं कांच पूर्ण वर चढवावी. ती खालीं असली तर दाराच्या पोकळींत शिरून हाताची वाट अडविते. मग आंतली मूठ व कांच फिरविण्याचा दांडा काढावा. या दोहोंच्या मागें घोड्याच्या नालासारखी एक स्प्रिंग दडलेली असते. तिच्यासाठीं चपटें हत्यार मिळतें; नसेल तर दांड्यामागून कापडाची चिंधी घालून इकडून तिकडे ओढली कीं ती सुटते. सुटते म्हणजे उडते, म्हणून दुसरा हात आड धरावा. नंतर स्क्रू काढून आंतलें झांकण दूर केलें म्हणजे पोकळी दिसते. आंतल्या पत्र्याचे कांठ सुरीसारखे असतात. हातमोजे घालण्यांत कमीपणा मानूं नये.

कुलूप दाराच्या बाहेरच्या पत्र्यांतून आंत आलेलें असून पाठीमागून पोलादाच्या एका चपट्या चापानें तेथें धरलेलें असतें. स्क्रू नाहीं, नट नाहीं. पेंचकसाच्या टोंकानें तो चाप बाजूला सरकविला कीं कुलूप बाहेरून हातांत येतें. तें ओढण्यापूर्वीं त्याच्या मागची चपटी जीभ कोणत्या दिशेस आहे हें नीट पाहून ठेवावें, किंवा छायाचित्र घ्यावें. नवें कुलूप उलटें बसविण्याची चूक येथेंच होते. कुलपाचें डोकें व रंगविलेला पत्रा यांमधील रबराची चकती जुनी झालेली असल्यास बदलावी; ती पाणी अडविते व रंगही वांचविते.

आतां किल्लीचा प्रश्न. तयार जोडी विकत घेतली तर तिची किल्ली तिच्याबरोबरच येते, आणि मालकाच्या खिशांत दारांची एक व इंजिनाची दुसरी असा जुडगा जमतो. त्यापेक्षां रिकामें कुलूप घेऊन त्यांत जुन्या किल्लीस जुळतील अशा पत्र्या भरणें कितीतरी चांगलें. काम तासाभराचें आणि चिकाटीचें आहे, पण गाडीची मूळ किल्ली गाडीशीं राहते. पत्र्यांवर प्रकाराचा अंक उमटविलेला असतो. भरून झाल्यावर किल्ली घालून पाहावें: बाजूची पट्टी कोठेंही उंच न राहतां गाभ्याशीं सपाट बसली तर जुळणी बरोबर.

कुलूप बसवून चाप परत सरकविल्यावर झांकण लावण्याची घाई करूं नये. दार उघडेंच ठेवून, कडीचा दांता पेंचकसानें बंद स्थितींत ढकलावा आणि किल्लीनें लावून-उघडून पाहावें, निदान दहा वेळां. जीभ उलटी बसली असेल तर तें आतांच कळेल. दार लोटून दिल्यावर कळलें, तर आंतल्या मुठीही काढलेल्या असल्यामुळें मालकास पलीकडच्या दारानें शिरावें लागेल. आणि तेंही बंद असलें तर कठीणच. म्हणून त्या बाजूची कांच खालीं केलेली बरी.

शेवटीं वंगण. येथें तेलाचा मोह आंवरावा. तेलानें दोन दिवस कुलूप गुळगुळीत चालतें, मग त्यांत धूळ बसून पत्र्या चिकटूं लागतात. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी किल्लीस चोळून ती पांचसात वेळां आंतबाहेर करावी, व किल्ली खिशांत टाकण्यापूर्वीं पुसून घ्यावी, नाहींतर सदरा काळा होतो.