मधुचंद्रासाठी सागरी सफर : निघण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

तुळशीचे लग्न लागले की विवाहाचे मुहूर्त सुरू होतात. साधारण त्याच सुमारास पावसाळ्यात खवळलेला अरबी समुद्रही शांत झालेला असतो. लग्नसराई आणि नौकानयनाचा हंगाम असे एकत्र येत असल्याने, मधुचंद्रासाठी महाबळेश्वर, उटी वा सिमला यांच्या जोडीने आता क्रूझचाही, म्हणजे प्रवासी जहाजावरील सहलीचाही, विचार होऊ लागला आहे. निवास, भोजन, करमणूक आणि प्रवास हे सर्व एकाच तिकिटात मिळते, हे या सहलीचे मुख्य आकर्षण होय. मात्र जहाजावरचे जग हे किनाऱ्यावरच्या हॉटेलपेक्षा निराळ्या नियमांनी चालते. ते नियम आधी ठाऊक नसतील तर आनंदाच्या सहलीत मनस्ताप आणि आर्थिक भुर्दंड पदरी पडण्याची शक्यता असते.

भारतीय किनाऱ्यावरील पर्याय

कोकणच्या माणसाला बोटीचा प्रवास नवा नाही. गेल्या शतकात मुंबईतून कोकण आणि गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी हे दळणवळणाचे प्रमुख साधन होते. केवळ सहलीसाठी जहाजावर राहण्याची कल्पना मात्र आपल्याकडे उशिरा रुजली. २००५ मध्ये स्टार क्रूझेस या कंपनीने आपले 'सुपरस्टार लिब्रा' हे जहाज काही काळ मुंबईत आणले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे जहाज सुरू झाले. कान्होजी आंग्रे यांच्या नावाशी नाते सांगणारी ही सेवा २०२० मध्ये बंद पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईतून निघू लागले. सुमारे ८०० खोल्यांचे हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधण्यात आले असून पूर्वी ते रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ताफ्यात होते. २०२३ च्या जूनमध्ये त्याच जहाजाची चेन्नई-श्रीलंका सफरही सुरू करण्यात आली.

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'क्रूझ भारत मिशन'ची घोषणा केली. सागरी सहलींच्या प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले.

जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्रात मोठ्या लाटा उसळतात. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतरच होड्या पाण्यात लोटतात, त्यामागेही हेच निसर्गचक्र आहे. जहाज कितीही मोठे असले तरी हे चक्र त्याला चुकत नाही. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरील सहलीसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत अनुकूल समजावा.

लक्षद्वीपला जाताना

नवदाम्पत्यांची विशेष पसंती असते ती लक्षद्वीपला. एकूण ३६ बेटांपैकी १० बेटांवर मनुष्यवस्ती आहे. येथे जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना घ्यावा लागतो. १९६७ च्या नियमांनुसार ही अट असून स्थानिक आदिवासी समाजाचे हितरक्षण हा तिचा हेतू आहे. सहल आखणारी कंपनी परवान्याची व्यवस्था सहसा करते. तथापि, तसे तिकिटात नमूद आहे काय, याची खातरजमा करावी.

लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची आहेत. बेटांभोवतालच्या उथळ पाण्यामुळे मोठे जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेले जाते. वारा वाढला, लाटा उंचावल्या, तर होड्या सोडल्या जात नाहीत आणि बेट केवळ दुरूनच पाहावे लागते. अशा वेळी बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाला असतो. त्याबद्दल पूर्ण भरपाई मागता येत नाही, असे कलम बहुतेक कंपन्यांच्या करारात असते. ज्या एका बेटासाठी सारी सहल ठरवली तेच हुकले, अशी निराशा टाळायची असेल तर हे कलम पैसे भरण्यापूर्वी वाचणे हिताचे.

खोली, खर्च आणि खासगीपणा

जहाजावरील भाडे बहुधा एका खोलीत दोघे राहणार हे गृहीत धरून प्रत्येकी सांगितले जाते. त्यामुळे जाहिरातीतील आकडा दोघांचा नसून एकाचा असतो. बंदराचे शुल्क, कर आणि सेवाशुल्क अनेकदा त्यात धरलेले नसते. मद्य, काही खास उपाहारगृहे, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील स्थलदर्शन यांचे पैसे वेगळे पडतात. जहाजावर रोख व्यवहार सहसा होत नाहीत. सर्व खर्च खोलीच्या कार्डावर चढत जातो आणि शेवटच्या दिवशी बिल हाती येते. रोजच्या रोज हिशेब पाहण्याची सवय ठेवल्यास नव्या संसाराचा पहिला वाद टळू शकेल.

खोल्यांचे साधारण तीन प्रकार असतात. आतील बाजूची, खिडकी नसलेली खोली सर्वांत स्वस्त. समुद्राकडे बंद खिडकी असलेली खोली त्याहून महाग आणि सज्जा असलेली खोली सर्वाधिक महाग. हॉटेलच्या मानाने या खोल्या बऱ्याच लहान असतात. जहाजावर शेकडो, कधी हजारो सहप्रवासी असतात, मुलाबाळांची वर्दळ असते आणि कार्यक्रमांचा गजबजाटही असतो. एकांत हेच मधुचंद्राचे प्रयोजन मानणाऱ्या जोडप्यांनी शक्य असल्यास सज्जाची खोली घ्यावी आणि शाळांच्या सुट्ट्यांचा काळ टाळावा. काही खोल्यांतील दोन स्वतंत्र पलंग जोडून देण्यात येतात. ही विनंती आरक्षण करतानाच नोंदवून ठेवावी.

ठरवून केलेल्या विवाहात पती-पत्नीचा परस्परांशी परिचय अनेकदा काही महिन्यांचाच असतो. चार दिवस एका लहान खोलीत राहणे दोघांना मानवेल का, दोघांपैकी कोणाला पाण्याची भीती आहे का, हे निर्णयापूर्वी मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. घरच्यांनी भेट म्हणून तिकिटे परस्पर काढली असल्यास तर हे अधिकच आवश्यक ठरते. प्रथमच जाणाऱ्यांनी दोन किंवा तीन रात्रींची सफर निवडणे श्रेयस्कर.

बोट लागणे

डोळ्यांना खोली स्थिर दिसते, पण अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हालचाल जाणवत असते. मेंदूकडे पोहोचणाऱ्या या दोन परस्परविरोधी संदेशांमुळे मळमळ आणि चक्कर येते. यालाच आपण बोट लागणे म्हणतो. हा त्रास कोणालाही होऊ शकतो. जहाजाचा मध्यभाग आणि खालचे मजले तुलनेने कमी हलतात, म्हणून तेथील खोली निवडावी. मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत बसणे, पोट रिकामे न ठेवणे आणि तेलकट पदार्थ टाळणे यांनी आराम पडतो. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्याव्यात. त्यांपैकी काहींनी झोप येते, हेही ध्यानात ठेवावे.

परदेशी सफरीची कागदपत्रे

भारतीय बंदरांपुरत्या सहलीसाठी सरकारने दिलेले छायाचित्रासह ओळखपत्र सहसा पुरेसे असते. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर पासपोर्ट अनिवार्य ठरतो. तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. लग्नानंतर पत्नीचे नाव बदलण्याचा विचार असेल आणि पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा असेल, तर तिकीट माहेरच्याच नावाने काढावे. नाव बदलणे कायद्याने सक्तीचे नाही. पती-पत्नीचे आडनाव वेगळे असले म्हणून प्रवासास बाध येत नाही. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र सोबत असल्यास मात्र व्हिसाच्या वेळी उपयोग होतो.

व्हिसाची गुंतागुंत जहाजाच्या मार्गामुळे वाढते. युरोपातील सफरीत जहाज शेंगेन देशांतून तुर्कस्तानसारख्या बाहेरच्या देशात जाऊन परत येणार असेल, तर एकदा प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही, अनेकदा प्रवेशाचा घ्यावा लागतो. अलास्काच्या सफरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार, परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन पुन्हा तेथेच आणावयाचे असतील, तर वाटेत परदेशी बंदराला लागावे लागते. म्हणून सिएटलहून अलास्काला जाऊन येणारी जहाजे कॅनडातील व्हिक्टोरियासारख्या बंदराला काही तास थांबतात. त्या काही तासांसाठी भारतीय प्रवाशाला अमेरिकेच्या जोडीने कॅनडाच्या व्हिसाचीही व्यवस्था करावी लागते.

समुद्रावर कायदा कोणाचा?

खुल्या समुद्रातील जहाजावर, ते ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाचा कायदा लागू होतो. जगातील अनेक मोठी प्रवासी जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा येथे नोंदलेली आहेत. याचे एक गमतीदार उदाहरण म्हणजे कुनार्ड कंपनी. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजावर कप्तानाला विवाह लावता येत नाहीत. बर्म्युडाच्या कायद्यात ती सोय असल्याने २०११ मध्ये कंपनीने आपल्या तिन्ही जहाजांची नोंदणी तेथे हलवली.

या व्यवस्थेची दुसरी बाजू मात्र गंभीर आहे. जुलै २००५ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानदरम्यानच्या समुद्रात मधुचंद्रासाठी निघालेला एक अमेरिकी तरुण जहाजावरून बेपत्ता झाला. तो पुन्हा सापडला नाही. अशा घटनांचा तपास कोणी करावयाचा, हा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर आला. २०१० मध्ये अमेरिकेने जहाजांवरील सुरक्षेविषयी कायदा केला. कठड्याची उंची किमान ४२ इंच असावी आणि खोलीच्या दाराला बाहेरचा माणूस पाहता येईल असे भिंग असावे, अशा तरतुदी त्यात आहेत. छायाचित्रासाठी कठड्यावर चढणे वा मद्याच्या अमलाखाली सज्जात वाकणे जिवावर बेतू शकते.

सुरक्षा कवायत टाळू नका

१३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले. त्यात ३२ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये जहाजावर काम करणारा मुंबईचा एक तरुणही होता. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या अनेक प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालीच नव्हती, कारण तत्कालीन नियमानुसार त्यासाठी २४ तासांची मुदत होती. या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलण्यात आला. २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी अथवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक आहे.

सात लहान आणि एक दीर्घ भोंगा हा धोक्याचा संकेत असतो. तो ऐकू येताच कोठे जमायचे आणि जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, हे कवायतीत सांगितले जाते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ही आठवण कोकणपट्टीत आजही पुसली गेलेली नाही.  अशी साधने आणि सूचना मिळण्याची सोय आज आहे. तिचा लाभ न घेणे शहाणपणाचे नव्हे.

काही व्यावहारिक सूचना

* इंदूर, बडोदा, नागपूर वा हैदराबादहून येणाऱ्यांनी जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या शहरात पोहोचावे. गाडी वा विमान उशिरा आले म्हणून जहाज थांबत नाही.
* बंदरावर स्वतंत्रपणे फिरावयास गेल्यास परतीची वेळ पाळावी. कंपनीने आखलेल्या स्थलदर्शनाच्या बसला उशीर झाल्यास जहाज बहुधा थांबते, खासगी टॅक्सीसाठी नाही.
* किनारा सुटताच मोबाइल 'एअरप्लेन मोड'वर ठेवावा. उपग्रहामार्फत जोडल्या जाणाऱ्या रोमिंगचे दर फार मोठे असतात.
* जहाजावर दवाखाना असतो, पण उपचार महाग असतात. रुग्णाला समुद्रातून हलवण्याचा खर्चही देणारा प्रवास विमा घ्यावा.
* आरक्षण रद्द केल्यास किती दिवस आधी किती रक्कम परत मिळते, याचा तक्ता जपून ठेवावा. मुहूर्त पुढे ढकलण्याची वेळ कोणावरही येऊ शकते.

सागरावरचा सूर्योदय, चहूबाजूंनी पाणी आणि घड्याळापासून मिळालेली थोडी सुटका यांचे मोल कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही. ते सुख निर्धास्तपणे अनुभवायचे असेल, तर कराराची चार पाने दोघांनी मिळून वाचावीत आणि मगच पैसे भरावेत.