मानदर्शक खुणा व मराठी शब्दप्रयोग
मान व इतर अवयवांच्या हालचालींतून व्यक्त होणाऱ्या भावांसाठी रूढ झालेली शब्दसंपदा. मानेच्या बाबतीत अर्थ क्रियापदावर ठरतो. ‘मान डोलावणे’ म्हणजे होकार वा दाद; ‘तुकविणे’ म्हणजे मान्यता वा शरणागती. ‘हलविणे’ मात्र संदिग्ध आहे. जबानीत ‘होकारार्थी’ वा ‘नकारार्थी’ हे पद न जोडल्यास साक्षीचा अर्थच हरवतो. बीड जिल्ह्यात, एकूण मराठवाड्याप्रमाणे, बोलण्यात मानेऐवजी ‘मुंडी’ हलते. ढोलाच्या गुबुगुबू नादावर धन्याच्या प्रश्नांना मान डोलावणाऱ्या बैलावरून, विचार न करता होकार देणाऱ्यास ‘नंदीबैल’ म्हणतात. ‘कानांवर हात ठेवणे’ यात हात उचलला जातोच असे नाही. हालचाल लोपून नकार तेवढा उरला. ‘बोटे मोडणे’ सर्वांत विलक्षण : लेकराच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर मोडली, तर दृष्ट निघते, कुणाच्या नावाने मोडली, तर तो तळतळाट.