जादा गाड्या, जादा सर्व्हर

नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला तुळजापुरात भाविकांची रीघ लागते. तेव्हा एसटी इतर आगारांतून जादा गाड्या आणते; गर्दी ओसरली की त्या परत जातात. तेवढ्या गाड्या वर्षभर उभ्या ठेवणे परवडणार नाही.

क्लाउडचे सूत्र हेच. संकेतस्थळासाठी डेटा सेंटरमधले सर्व्हर लागतील तेवढेच भाड्याने घेतात. ताण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की यंत्रणा आपोआप नवे सर्व्हर जोडते. ‘लोड बॅलन्सर’ सगळ्यांवर काम वाटून देतो. ताण घटला की जादा सर्व्हर बंद होतात.

मात्र नवा सर्व्हर सज्ज व्हायला वेळ लागतो आणि गर्दी कधीकधी एका क्षणात येते. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता १८ वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लशीची नोंदणी खुली झाली. ‘कोविन’ सुरुवातीला अडखळले, पण दिवसभरात १.३ कोटींहून अधिक जणांची नोंदणी झाली. म्हणून गर्दीची वेळ ठाऊक असेल, तर सर्व्हर आधीच वाढवून ठेवणे शहाणपणाचे.

सर्व्हर वाढवता येतात, लशीच्या कुप्या तशा वाढत नाहीत. मे महिन्यात तुटवड्यामुळे राज्याला १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण काही काळ थांबवावे लागले. नोंदणी हाती होती, लस नव्हती.