सामाईक प्रवेशद्वाराचे कुलूप : जबाबदारी कोणाची, उपाय कोणता?

बदलीच्या गावी रुजू झालेला कर्मचारी, नव्या शाळेवर आलेला शिक्षक किंवा मुलांच्या शिक्षणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी बिऱ्हाड केलेले कुटुंब यांना बहुधा भाड्याच्या सदनिकेतच राहावे लागते. अशा इमारतीत प्रत्येकाचे दार स्वतंत्र असले तरी जिन्याकडे जाणारे प्रवेशद्वार सर्वांचे असते. जे सर्वांचे, त्याची काळजी कोणीच घेत नाही, असा अनुभव येतो. दाराचे कुलूप बिघडले की ‘घरमालक पाहील’, ‘सोसायटी पाहील’, ‘शेजारी सांगतील’ असे म्हणत आठवडे निघून जातात.

ही बाब दिसते तेवढी क्षुल्लक नाही. कुलूप लागेनासे झाले तर परक्या माणसाला जिना मोकळा होतो. ते उघडेनासे झाले तर परिणाम अधिक गंभीर होतात. रात्री आग लागली, कोणास हृदयविकाराचा झटका आला किंवा एखाद्या स्त्रीस प्रसूतीसाठी तातडीने हलवावे लागले, तर बंद दारापाशी गेलेली काही मिनिटेच निर्णायक ठरू शकतात. म्हणून बिघाडाचे स्वरूप, दुरुस्तीची जबाबदारी आणि कायद्याने दिलेला मार्ग या तिन्ही गोष्टी भाडेकरूने जाणून घेणे अगत्याचे आहे. गावातील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्याकडे लोक अर्ज लिहून घेण्यासाठी व सल्ल्यासाठी येत असतात. त्यांनाही ही माहिती उपयोगी पडेल.

बिघाड नेमका कशाचा?

कुलूप बिघडले असे आपण म्हणतो, परंतु पुष्कळदा दोष दाराचा असतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात, दार खाली झुकते आणि कुलपाची जीभ चौकटीवरील खाचेत नीट बसत नाही. दार किंचित उचलून धरले असता कुलूप लागत असेल, तर दोष बिजागरीचा समजावा. अशा वेळी सुताराकडून बिजागरी घट्ट करून घेणे किंवा खाच थोडी सरकविणे पुरेसे असते. दार आपोआप लोटणारे यंत्र सैल झाल्यानेही दार अर्धवट उघडे राहते.

किल्ली जड फिरत असेल, तर कुलपात खोबरेल किंवा अन्य खाद्यतेल घालू नये. तेलावर धूळ बसून ते चिकट होते व बिघाड वाढतो. त्याऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरावी. झिजलेल्या किल्लीवरून काढलेली नक्कल तितकीच सदोष निघते, हेही ध्यानात ठेवावे. विजेवर चालणारे कुलूप असेल, तर वीज गेल्यावर ते उघडे राहते की बंद होते, याची आधीच चाचणी घ्यावी.

जबाबदारी ठरविण्याची कसोटी

दुरुस्ती कोणी करावी, हे इमारत कोणाच्या मालकीची आहे आणि रहिवासी कोणत्या नात्याने राहतो, या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

संपूर्ण इमारत एकाच घरमालकाची असून तीत भाडेकरू राहत असतील, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या क्षेत्रात त्याचे कलम १४ महत्त्वाचे ठरते. हा अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला. भाडेकरूने याविरुद्ध करार केलेला नसल्यास जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे, असे हे कलम सांगते. जागा या संज्ञेत इमारतीस जडविलेल्या व तिचा उपभोग अधिक सोयीचा करणाऱ्या वस्तूंचाही अंतर्भाव होतो. मात्र भाडेकरूने वा त्याच्या माणसांनी धसमुसळेपणाने कुलूप मोडले असेल, तर त्याचा भार घरमालकावर टाकणे न्याय्य होणार नाही.

इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची असल्यास प्रवेशद्वार व जिना ही संस्थेची सामाईक मालमत्ता असते आणि तिची देखभाल व्यवस्थापक समितीने करावयाची असते. याच कामासाठी सदस्यांकडून दुरुस्ती व देखभाल निधी घेतला जातो. आदर्श उपविधींनुसार त्याचा किमान दर सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल ०.७५ टक्के इतका आहे. सदनिकेत भाड्याने राहणारी व्यक्ती संस्थेची सदस्य नसते. म्हणून तिने आपल्या सदनिकाधारकास लेखी कळवावे, त्याची प्रत संस्थेच्या सचिवास द्यावी आणि सदनिकाधारकाने सदस्य या नात्याने समितीकडे मागणी करावी. समितीने दाद न दिल्यास सदस्याला सहकारी संस्थांच्या निबंधकाच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.

आजकाल शहरांतील बहुसंख्य नवे करार ‘लीव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचे असतात. असा करार करून राहणारी व्यक्ती कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसते. त्यामुळे कलम १४ मधील हक्क तिला आहे असे गृहीत धरता येत नाही. तिचा आधार म्हणजे करारातील अटी. याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. सही करण्यापूर्वी ‘सामाईक दार, कुलूप व जिन्यातील दिवे यांची दुरुस्ती कोण, किती दिवसांत करील’ ही एक ओळ करारात घालून घ्यावी.

शासकीय निवासस्थानात राहणाऱ्यांनी ती इमारत ज्या विभागाच्या देखभालीखाली असेल, तेथे लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा.

लेखी सूचनेचे महत्त्व

जिन्यात भेटल्यावर केलेली तक्रार कायद्याच्या दृष्टीने दुबळी असते. कलम १४ खालील हक्क सूचना दिल्यापासूनच सुरू होतो. सूचना एकट्याने किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून देता येते. ती टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. मजकूर साधा असावा :

‘आपल्या इमारतीच्या प्रवेशद्वाराचे कुलूप अमुक तारखेपासून आतून उघडत नाही. त्यामुळे रहिवाशांच्या जीविताला धोका आहे. ही सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत दुरुस्ती करून द्यावी. तसे न झाल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये आम्ही स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वजा करू.’

खाली तारीख, सदनिका क्रमांक व सर्वांच्या सह्या असाव्यात. बिघडलेल्या कुलपाचे छायाचित्र सोबत जोडावे. दार आतून उघडतच नसेल, तर मात्र १५ दिवस वाट पाहणे शहाणपणाचे नाही. त्याच दिवशी घरमालकाला कळवून, त्याची संमती शक्यतो लेखी घेऊन, दार उघडे करून घ्यावे. जिवाचे रक्षण प्रथम, हिशेब नंतर.

खर्चाची वजावट आणि तिची मर्यादा

मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती करून घेऊ शकतात व खर्च भाड्यातून वजा करू शकतात. एका वर्षात वजा होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. उदाहरणार्थ, भाडे दरमहा १,२०० रुपये असेल, तर वर्षाचे १४,४०० रुपये होतात आणि वजावटीची कमाल मर्यादा ३,६०० रुपये ठरते. अनेकांनी मिळून काम केल्यास प्रत्येकाची वजावट त्याच्या भाड्याच्या प्रमाणात होते. कुलपाचे बिल, सुताराची पावती व हिशेब नीट ठेवावा, कारण खर्चाचा पुरावा म्हणून त्यालाच महत्त्व आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. ‘कुलूप दुरुस्त होईपर्यंत भाडेच देणार नाही’ ही भूमिका घेऊ नये. भाडे थकल्यास घरमालक लेखी मागणी करून ९० दिवसांनंतर जागेच्या ताब्यासाठी दावा लावू शकतो. शेकडो रुपयांच्या कुलपापायी राहते घर पणास लावणे हा तोट्याचा व्यवहार होय. योग्य वजावट करून उरलेले भाडे वेळेवर द्यावे व पावती घ्यावी. वाद मिटलाच नाही, तर बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयाकडे आणि असे न्यायालय नसलेल्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या न्यायालयाकडे दाद मागता येते.

हा अधिनियम मुख्यतः त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू आहे. त्याबाहेरील गावांत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ उपयोगी पडते. घरमालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचनेनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वजा करावा, अशी तरतूद त्यातही आहे.

सुरक्षितता दोन्ही बाजूंची

कुलूप दुरुस्त होईपर्यंत रात्री दाराला साखळी घालून कुलूप ठोकण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. किल्ली एकाच बिऱ्हाडात आणि सारी इमारत आत कोंडलेली, ही व्यवस्था चोरीपेक्षाही घातक आहे. बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, असे राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितले आहे. नवे कुलूप निवडताना हीच कसोटी लावावी. बाहेरून किल्ली लागेल व आतून केवळ मूठ फिरविताच दार उघडेल, असे कुलूप घ्यावे. वृद्धांना व मुलांना ते उघडून पाहावयास सांगावे. कुलूप बदलताच त्याच दिवशी प्रत्येक बिऱ्हाडास किल्ली देऊन तिची नोंद ठेवावी.

सामाईक वस्तूचा सांभाळ हा नागरिकत्वाचा पहिला धडा आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, रहिवाशांनी एकत्र येऊन दार, बिजागऱ्या, कुलूप व जिन्यातील दिवे तपासले, तर बहुतेक बिघाड वाढण्याआधीच ध्यानात येतील. तरीही बिघाड झाला, तर कुरबुर करीत बसण्यापेक्षा एक तारीखवार, सर्वांच्या सहीचे पत्र लिहावे. त्या पत्रातूनच पुढील सारे हक्क उभे राहतात.