बार्शी लाईट: इंजिनाबरोबर मालडबाही जपायला हवा

(लोणी काळभोर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुकोबांची पालखी इथं मुक्कामाला असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पंढरपूरहून परतताना पुष्कळ वारकरी ज्या छोट्या गाडीत बसायचे, ती ही बार्शी लाईट. टपावर दाटीनं बसलेल्या माणसांचे तिचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आपल्या लोणी स्टेशनावरून सोलापूरकडे जाणाऱ्या लाईनवर कुर्डुवाडी आहे ना, तिथून ती सुटायची. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट.

1897 मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. पण लांबीपेक्षा तिच्यामागचा हिशेब बघा. तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरचा. (यानंच पुढं विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही तयार केली!)

रूळ किती जाड हवा, हे गाडीचं एकूण वजन ठरवत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार येतो ते ठरवतं. बहुतेक ठिकाणी इंजिन जड आणि डबे हलके. म्हणजे एकट्या इंजिनासाठी सगळा रस्ता महागडा करायचा. कॅल्थ्रॉपनं ठरवलं, इंजिन असो की मालडबा, एका आसावर 5 टनच. मग इंजिनाचं वजन जास्त आसांवर वाटलं आणि भरलेला डबाही त्याच मर्यादेपर्यंत नेला. त्यामुळं यार्डाला 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण 15 किलोचा रूळ पुरला. आज ब्रॉडगेजला 60 किलोचा वापरतात!

म्हणून माझं म्हणणं असं, की नुसतं इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवलं तर निम्मीच गोष्ट कळते. शेजारी मालडबा हवा. आपण नेमका तोच भंगारात घालतो, कारण त्याच्यासोबत कुणी फोटो काढत नाही.

प्रश्न: एवढी हुशारीची गाडी, मग बंद का केली?

कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं हमालानं छोट्या डब्यातून मोठ्या डब्यात टाकायचं. ट्रक आल्यावर हा खर्च कोण सोसणार? लातूरच्या माणसाला थेट मुंबईची गाडी हवी होती, ते बरोबरच होतं. ब्रॉडगेज व्हायलाच हवं होतं. पण चार-पाच मैल तरी जुना रूळ ठेवायला हरकत नव्हती. माथेरानची 1907 ची गाडी बघायला लोक जातातच की!